१९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत आरोग्याची तपासणी खरंच व्हायची का?

व्हायची, पण नावापुरती. कारखान्यांसाठीचा कायदा १८८१ पासून होता. १८९१ च्या दुरुस्तीनंतर तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाला (स्थानिक सरकारला २० पर्यंत खाली येता येई). म्हणजे गल्लीबोळातले छोटे कारखाने बहुतेक सुटलेच. पूर्णवेळ निरीक्षक मोजके, त्यात जिल्हाधिकारी आणि सिव्हिल सर्जन यांनाही पदसिद्ध निरीक्षक केलेलं. आपली मूळ कामं सोडून ते गिरणीतले संडास तपासायला कितीसे जाणार?

खरा त्रास साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होता. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत आणि धोट्याच्या (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन) भोकातून धागा तोंडाने ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं! त्यात १९०५ च्या आसपास विजेचे दिवे आले आणि पाळी अंधारातही लांबू लागली.

१९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तास आणि मुलांना ६ तास ही मर्यादा घातली. आठवड्याला ६० तासांची मर्यादा यायला मात्र १९२२ उजाडावं लागलं.