वाचकांचे प्रश्न : जुन्या क्वालिसला क्रूझ कंट्रोल

प्रश्न : माझी २००३ची डिझेल क्वालिस आहे. पुनर्नोंदणी झालेली, इंजिन ठणठणीत. मुलगी नागपूरला असते, त्यामुळे जालन्याहून समृद्धी महामार्गाने वरचेवर जाणं होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबून दाबून उजवा गुडघा भरून येतो. शिवाय माझा पाय कमीजास्त होतो आणि मागे बसलेल्या सौभाग्यवतींना गाडी लागते. पेडलवर पाय न ठेवता गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारं क्रूझ कंट्रोल बसवता येईल का? आमचे मिस्त्री म्हणतात, एवढा खर्च कशाला, ट्रॅक्टरचा हँड अ‍ॅक्सिलरेटर बसवून देतो. – एक वाचक, जालना

उत्तर : काका, आधी मिस्त्रींचं बघू. त्यांना चहा पाजा, पण हे काम देऊ नका.

ट्रॅक्टरला तो दांडा असतो तो रोटाव्हेटर किंवा थ्रेशर चालताना इंजिन एका रेसवर राहावं म्हणून. जुन्या विलीज जीपलाही असायचा. पण तो अ‍ॅक्सिलरेटर आहे तिथे अडकवून ठेवतो, गाडीच्या वेगाचं त्याला काही कळत नाही. चढ लागला की गाडी मंदावणार, उतारावर सुटणार. आणि पुढच्या ट्रकने अचानक लेन बदलली तर? तुम्ही ब्रेकवर उभे आणि इंजिन गाडीला पुढे रेटतंय. क्लच दाबलात तर रेस चढून इंजिन किंचाळणार. अशा वेळी हात खाली नेऊन दांडा मागे ओढावा हे भल्याभल्यांना सुचत नाही.

क्रूझ कंट्रोलने वेग धरावा हे खरंच, पण पैसे मोजायचे ते वेग सोडण्याचे. ब्रेकला पाय नुसता टेकला तरी सुटलं पाहिजे. क्लचला टेकला तरीही. आणि काही कारणाने रेस एकदम चढली, तर कुणी काही न करता सुटलं पाहिजे.

तुमच्या क्वालिसमध्ये पेडलपासून डिझेल पंपापर्यंत सरळ तारेची केबल आहे. अशा गाडीला केबल ओढणारी मोटर लागते. निर्वात (व्हॅक्यूम) दाबावर चालणारं जुन्या पद्धतीचं किट कुणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका. ती मुळात पेट्रोल इंजिनांसाठी, कारण तिथे इंजिनच निर्वात तयार करतं. डिझेलमध्ये ब्रेकच्या बूस्टरसाठी, म्हणजे ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागासाठी, वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. किटची नळी त्याच लाइनला जोडायची म्हणजे ब्रेकच्या वाट्यातलं काढून घेणं.

मोटरच्या किटला वेग कळायला हवा. स्पीडोमीटर तारेचा असेल तर विजेचा सिग्नल मिळत नाही. मग मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर लोहचुंबक बसवून शेजारी कॉइल लावावी लागते. शाफ्टला दगडधोंडे लागतात, चिखल बसतो, तेव्हा हे काम पट्टीने नीट आवळणाऱ्याकडूनच करून घ्यायचं. रेस मोजायचा सिग्नल पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलवरून मिळतो. डिझेलमध्ये ती नसते, म्हणून तो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) ‘डब्ल्यू’ टोकावरून घेतात. क्लचला स्विच नसेल तर नवीन बसवावा लागेल. वायरमन म्हणाला, ‘क्लचचं राहू द्या, चालतं तसंही,’ तर गाडी घेऊन घरी या.

म्हणजे होतं, पण खर्च आणि खटाटोप बराच. मी तुमच्या जागी असतो तर आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदलली असती. वीस वर्षांत आतली तार गंजते, आवरण सुकतं आणि पेडल जड होतं. आपण म्हणतो वय झालं, आणि दोष असतो केबलचा. नवी केबल, पेडलच्या खिळीला ग्रीस, पंपावरची परतीची स्प्रिंग तपासणं, एवढं करा आणि सीट एक खाच पुढे घ्या. पाय कमीजास्त होणंही बरंचसं थांबेल, कारण अडकणारी केबल आधी जोर लावायला लावते आणि मग एकदम सुटते. त्यानंतरही गुडघा दुखला तर किटचं बघू. तेव्हाही नवी केबल लागणारच होती, कारण जी केबल आपसूक मागे येत नाही तिच्यावर क्रूझ कंट्रोल बसवायचंच नसतं.

काकूंना मात्र सांगा, त्यांचं दुखणं जुनं आहे. क्रूझ कंट्रोल काढणारे अमेरिकन अभियंते राल्फ टीटर लहानपणापासून अंध होते. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की गाडी हिसके द्यायची, त्या वैतागातून हे सुचलं असं सांगतात. पेटंट १९५०चं, आणि १९५८मध्ये ते क्रायसलरच्या गाड्यांत आलं.

प्रश्न : माझ्या जुन्या केबलवाल्या पेट्रोल गाडीला बाहेरून आणलेलं क्रूझ किट बसवलं होतं. छान चालायचं, आता बटण दाबलं तरी धरतच नाही. मधल्या काळात मागचे बल्ब काढून एलईडी घातले, बाकी कशाला हात लावलेला नाही. बसवणारा म्हणतो मॉड्यूल, म्हणजे किटचा मेंदू, गेलं. – एक वाचक, सांगली

उत्तर : मॉड्यूलचे पैसे देऊ नका, तुमच्याच पत्रात उत्तर आहे. अशी बरीच किट ब्रेकच्या स्विचनंतरची वायर बघतात. ब्रेक दाबलेला नसताना ती वायर बल्बच्या तारेतून अर्थला (गाडीच्या बॉडीला) जोडलेली दिसली पाहिजे, तरच किट धरतं. दोन्ही बल्ब उडालेले असतील तर ते मुद्दाम नकार देतं. एलईडीतून तसा अर्थ मिळत नाही, म्हणून त्याला वाटतं काहीतरी तुटलंय. जुने बल्ब परत घाला आणि बघा. एलईडीच हवे असतील तर त्या वायरला रिले (विजेवर चालणारा स्विच) लागेल, आणि ते काम किटचा नकाशा समोर ठेवून करायचं, अंदाजाने नाही.

प्रश्न : २०१२ची कॉमन रेल (संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणारी) डिझेल हॅचबॅक. क्रूझ कंट्रोलसाठी पेडलच्या प्लगमध्ये डबी लावली की झालं, असं विक्रेता म्हणतो. खरं का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या गाडीत पेडलला सेन्सर आहेत, त्यामुळे बसवणं खरंच सोपं. पेडल दोन वेगवेगळे सिग्नल पाठवतं, गाडीचा संगणक ते ताडून बघतो आणि डबी मध्ये बसून पेडलची नक्कल करते. पण विक्रेत्याला विचारा, डबीला वेग कुठून कळतो, आणि ब्रेक व क्लचच्या वायरी कुठे जातात. ‘वायर लागतच नाही’ म्हणाला तर ती पिकअप वाढल्यासारखा वाटायला लावणारी डबी असेल. ती याच प्लगमध्ये बसते, पण वेग धरत नाही. खरं किट घेतलंत तर पावसात आणि कसारा घाटात ते बंद ठेवा. उतारावर ते ब्रेक मारत नाही आणि चढावर गिअर बदलत नाही.