काळी चार म्हटल्यावर हात का थांबला?

पत्र थोडक्यात असं: 'मी सांगली जिल्ह्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी चार वर्षं पेटी शिकलो. गेली अडीच वर्षं मोबाइलवर टॅब (कुठली तार कुठे दाबायची याचे आकडे) बघून गिटार वाजवतो, अकरा सोलो तोंडपाठ आहेत. गॅदरिंगच्या तालमीत आमच्या गायकाचा घसा बसला. गाणं पांढरी सहाचं, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी सा धरून गायचं, तो म्हणाला आज काळी चारमध्ये घेऊ. बाकीच्यांनी घेतलं, मला एक ओळ वाजवता आली नाही. तरी मला लीड गिटारिस्टच व्हायचंय. इंजिनिअरिंग सोडून मुंबईला जाऊ का? बाबा म्हणतात, छंद म्हणून वाजव. शिवाय साठ हजारांची गिटार घ्यायची आहे, ती आत्ता घेऊ का?'

गिटारचं आधी उरकतो. घेऊ नकोस. आहे तिच्या तारा बदल, जाणत्या माणसाकडून सेटअप करून घे, तारा फिंगरबोर्डपासून (बोटं दाबतो त्या फळीपासून) फार उंच असतील तर खाली आणायला सांग. हजार-दोन हजारांत काम भागेल. साठ हजारांच्या गिटारवरही काळी चारला तुझा हात तिथेच थांबला असता.

आता त्या तालमीबद्दल. तुझ्या सगळ्या पत्रात मला कामाची वाटली ती हीच गोष्ट, आणि तू ती लाजत लाजत दोन ओळींत उरकली आहेस.

अकरा सोलो पाठ आहेत म्हणतोस. मला वाटतं, तुला आकडे पाठ आहेत. टॅब सांगते की तिसरी तार, सातवा फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डवरचं सातवं घर. तिथे कुठला सूर वाजतो आणि त्याचं षड्जाशी काय नातं आहे, हे ती सांगत नाही. पांढरी सहावरून काळी चार म्हणजे फक्त अर्धा सूर खाली, म्हणजे हात एक फ्रेट मागे. मग अडलं कुठे? तुझ्या सोलोत मधूनमधून मोकळ्या, म्हणजे न दाबता वाजवलेल्या, तारा असणार. हात सरकवला की दाबलेले सूर सरकतात, मोकळी तार मात्र जागची हलत नाही. कापोने (सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याने) पट्टी वर चढवता येते, खाली उतरवता येत नाही. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवता आल्या असत्या, पण पुढचं गाणं पुन्हा मूळ पट्टीतलं निघालं की परत चढवायच्या?

तू पेटी शिकलास हे फार बरं झालं. पेटीवर एक सूर काढायची जागा एकच असते. गिटारवर पहिली मोकळी तार घे, वरची ई. तोच सूर, त्याच उंचीचा, दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तिसरीवर नवव्याला, चौथीवर चौदाव्याला आणि पाचवीवर एकोणिसाव्याला. एका सुराची पाच घरं! फिंगरबोर्डवर वाट चुकते ती यामुळे. आणि एकदा ही घरं ओळखीची झाली की मोकळी तार नसली तरी तोच सूर दुसरीकडून काढता येतो.

म्हणून सध्या एकच काम कर. पांढरी सहा म्हणजे ए. ए हा सा धर आणि सगळे सा शोध. सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर सातवा, दुसरीवर दहावा, पहिलीवर पुन्हा पाचवा, तिसरीवर दुसरा आणि चौदावा, पाचवी तार मोकळी आणि मग बारावा. त्यातली रीत बघ. सहावीवरून चौथीवर किंवा पाचवीवरून तिसरीवर जाताना दोन फ्रेट पुढे जावं लागतं, पण चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर तीन. कारण बाकी सगळ्या शेजारच्या तारांत पाच फ्रेटचं अंतर आहे, तिसरी आणि दुसरी यांच्यात तेवढं चारचं. हा एक खोडकरपणा पचला की निम्मा फिंगरबोर्ड तुझा.

मग सा ते सा असे पूल बांध. पाचव्या फ्रेटवरची जी मायनर पेंटाटोनिक ही पाच सुरांची स्केल तू रोज घोकतोस, तिचे सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. पेटीवर धानी राग वाजवला असशील तर हे सूर तुझ्या ओळखीचे आहेत. त्याच पाच सुरांत सी हा सा मानलास तर भूप होतो. घरं तीच, फक्त मुक्काम बदलला. दोन स्केल वेगवेगळी पाठ करायची गरज नाही.

बेंडिंगचं, म्हणजे तार ताणून सूर चढवण्याचं, एक सांगतो, कारण रेकॉर्डिंग पाठवलंस त्यात तेच खटकलं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा मध्यम ताणून तू पंचमापर्यंत नेतोस, पण पोचत नाहीस, अलीकडेच थांबतोस. आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजव. तो तुझा पंचम. तो तोंडाने गा, मग तार ताण आणि जुळला का ऐक. अनामिकेने ताणताना मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे टेकव, एकट्या बोटावर सगळं ओझं नको. पेटीत मींड नसते, त्यामुळे तुझ्या कानाला ही सवय नाही, दुसरं काही नाही.

आता मुंबई. कॉलेजात असताना मी दोन गणपती एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. गायिका स्टेजवर चढता चढता पट्टी सांगायची आणि निवेदकाचं बोलणं संपायच्या आत आम्हाला तयार राहावं लागायचं. कोण किती वेगात वाजवतो, हे तिथे कुणी विचारलं नाही. आजही संगीत समारंभ, म्युझिकल नाइट, स्टुडिओ, सगळीकडे पैसे मिळतात ते असं ऐन वेळी पट्टी बदलता येण्याचेच. पाच मिनिटांच्या गाण्यात सोलो आठ नाहीतर सोळा बारचा, म्हणजे तालाच्या तेवढ्याच छोट्या तुकड्यांचा असतो. उरलेला सगळा वेळ कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर), आणि त्याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही. तालमीत बाकीच्यांनी पट्टी बदलली म्हणतोस, त्यात कॉर्ड्स वाजवणारा ऱ्हिदम गिटारवाला होताच ना? उद्या मुंबईत काम त्याला आधी मिळेल.

इंजिनिअरिंग सोडू नकोस. बाबा म्हणतात म्हणून नव्हे, छंदाचं त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण तुझ्या आवडीच्या वाटाही पदवीवरून जातात. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेतल्या साउंड रेकॉर्डिंगच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स असावं लागतं. तुझं फिजिक्स झालंय, पदवी चालू आहे. वाजवण्यातच पुढे जायचं असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षा इथे राहून देता येतात. परीक्षकासमोर दिल्या तर त्यांत तीन गाण्यांबरोबर सेशन स्किल्सही, म्हणजे ऐन वेळी समोर येईल ते वाजवणंही तपासतात, ते नेमकं तुझं दुखणं आहे. शिकवण्या घ्यायच्या झाल्या तर वरची ग्रेड पालकांना दाखवायला उपयोगी पडते, आणि बऱ्याच गिटारिस्टांचं घर शिकवण्यांवरच चालतं. चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्वेटरी किंवा बॉस्टनचं बर्कली, अशा संगीत कॉलेजांचा विचार पदवीनंतर. बर्कलीचा खर्च मात्र आजच बघून ठेव, म्हणजे बाबांशी बोलणं सोपं जाईल.

बाबांना अकरा सोलो ऐकवू नकोस. एखाद्या कार्यक्रमाचं पाकीट आणून हातात दे, दोन हजारांचं असलं तरी चालेल.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अकरातला एकच सोलो निवड. टॅब बंद कर, मोकळ्या तारा काढून टाक, आणि तोच पांढरी सहा, काळी चार आणि पांढरी दोन अशा तीन पट्ट्यांत वाजवून मला पाठव. त्याच गाण्याच्या कॉर्ड्सही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. काळी चारचं मी आधी ऐकेन.