जुन्या डेस्कटॉपला एसएसडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर) : २०१३ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर काम सुरू करायला पाच मिनिटं थांबावं लागतं. दुकानदार नवाच घ्या म्हणतात. एसएसडी घालून भागेल काय?

भागेल. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क. तुमचं मशीन प्रोसेसरपेक्षा हार्ड डिस्कपाशी जास्त अडतंय. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) डिस्कची तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते, त्यात हेड योग्य जागी सरकायचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला शंभरएक वाचून झाल्या तरी खूप, आणि विंडोज सुरू होताना अशी वाचनं हजारोंनी होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने हा खोळंबा राहत नाही.

तुमच्या पिढीच्या प्रोसेसरसोबत बहुतेक घरगुती मशीनमध्ये एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड असे. त्यावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची खाच) नसतो, म्हणून २.५ इंची साटा एसएसडीच मागा, म्हणजे हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची. एच६१ चे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे आहेत. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी छापलेलं असलं तरी तुम्हाला २८० च्या आतबाहेर मिळेल. त्याने बिघडत नाही, कारण खरा फायदा छोट्या फाइलींचा आहे आणि तो पुरेपूर मिळतो. महागडी घेऊन मात्र या बोर्डावर जास्त काही पदरात पडणार नाही. २४० किंवा २५६ जीबीची बास.

सोबत साटा डेटा केबल, २.५ चा ३.५ इंची ब्रॅकेट आणि स्क्रू विकत घ्या. एसएसडीच्या खोक्यात ते बहुधा नसतात. एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) साटा पॉवरची चपटी पिन मोकळी आहे का, हे दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून पाहा. जुनी चार पिनांचीच उरली असेल तर अडॅप्टर लागेल, आणि इथे नीट निवडा : प्लास्टिक ओतून बंद केलेल्या स्वस्त अडॅप्टरमध्ये आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या आणि मागचं झाकण उघडणारा घ्या.

बसवताना मेन स्विच बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून कामाला लागा. साटाची खाच इंग्रजी एल आकाराची असते. तिरकं ओढलं तर प्लास्टिकची जीभ तुटते आणि नवी एसएसडी वाया जाते. कॅबिनेट उघडलंच आहे तर डीडीआर३ रॅम ८ जीबी करून टाका.

एक गोष्ट एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीखालचा इंटेल प्रोसेसर घेत नाही. या मशीनवर बँकेची कामं करत असाल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घाला. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करता येतं.

प्रश्न (निपाणी) : कोल्हापूरहून एसएसडी आणून क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवली. क्लोन झालं म्हणून दाखवलं, पण वेग होता तसाच आहे.

मशीन बहुधा अजून जुन्या डिस्कवरूनच सुरू होतंय. क्लोननंतरची पहिली सुरुवात जुन्या डिस्कची केबल काढूनच करायची. एकट्या एसएसडीवर मशीन सुरू झालं की बंद करा, जुनी डिस्क जोडा आणि बायोसच्या (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) बूट क्रमात, म्हणजे कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या यादीत, एसएसडी वर आणा. जुना सी ड्राइव्ह लगेच पुसू नका, आठवडाभर सगळं तपासा.

बायोसमध्ये साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) दिसला म्हणून थेट एएचसीआय (एसएसडीला सोयीची नवी पद्धत) करू नका; निळा पडदा येईल. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सोयीतून सेफ मोड लावा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग सेफ मोडची खूण काढा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : डीटीपीचं (छपाईची पानं लावायचं) मशीन आहे. मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी, ही दोन्ही सॉफ्टवेअर लागतात. क्लोन करू की विंडोज नव्याने घालू?

तुम्ही क्लोनच करा. नव्याने घातलं तर दोन्ही सॉफ्टवेअर, त्यांचे परवाने आणि वर्षानुवर्षं साठलेले फाँट पुन्हा बसवावे लागतील, आणि एखादा फाँट राहिला की जुन्या पत्रिकांची पानं अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दाखवतात. विंडोज फार बिघडलं असेल आणि नव्याने घालणं भागच असेल, तर फाँटचा फोल्डर आधी बाहेर काढून ठेवा आणि विंडोज घालताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा. जुनी डिस्क जोडलेली राहिली तर बूटच्या फाइली कित्येकदा तिच्यावर जाऊन बसतात. पुढे ती काढली की मशीन सुरूच होत नाही.

प्रश्न (चिकोडी) : बोर्ड नवा आहे. एम.२ एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली.

अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. कुठला, ते बोर्डाच्या पुस्तिकेत असतं. डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

प्रश्न (जांबोटी) : पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते. एसएसडी टिकेल काय?

टिकेल, पण लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते, क्वचित एसएसडीच दिसेनाशी होते. छोटा यूपीएस लावा; फार नको, फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ मिळाला तरी पुरे. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खरखरते, एसएसडी बहुतेकदा आवाज न करता जाते, म्हणून जमिनीचे कागद आणि घरचे फोटो दुसरीकडे हवेतच. जुनी हार्ड डिस्क कॅबिनेटमध्येच ठेवून तिच्यावर प्रत घेतली तर वीज कडाडल्यावर दोन्ही एकदम जातील. ती यूएसबीच्या डबीत घाला, प्रत घ्यायच्या वेळेपुरती जोडा आणि काढून ठेवा. त्यासाठी एसएसडी वापरू नका : विजेविना वर्षानुवर्षं कपाटात पडली तर तिच्यातला मजकूर विरत जातो.