सेवाभावी संस्थेच्या कार्यकारिणीत कोणत्या पार्श्वभूमीची माणसं असावीत?

तुम्ही गोव्यात फोंड्याजवळ सहा-सात मित्र मिळून वृद्धांसाठी संस्था नोंदवताय. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की कार्यकारिणीत एक डॉक्टर, एक वकील, एक सीए आणि एखादं मोठं नाव नसेल तर संस्थेला कुणी विचारत नाही. हे खरं आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी डिचोली तालुक्यातल्या अशाच एका लहान संस्थेचा १२ वर्षं सचिव आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, खाट, हवेची गादी, व्हीलचेअर, ऑक्सिजन मशीन वापरायला द्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं, हे आमचं काम. पोटापाण्यासाठी माझं औषधांचं दुकान आहे.

आधी कायदा काय मागतो ते सांगतो. १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्टखाली नोंदणीला किमान सात माणसं लागतात. मेमोरँडममध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्या कागदात, कार्यकारिणीवरच्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावा लागतो. पुढे दरवर्षी आमसभा झाली की १४ दिवसांच्या आत तीच माहिती पुन्हा रजिस्ट्रारकडे पाठवायची. शिक्षणाची अट नाही, डॉक्टर-वकील हवेतच असंही कुठे लिहिलेलं नाही. फक्त व्यवसायाचा एक रकाना आहे. आमची सभा कोंकणीत होते, इतिवृत्त मी मराठीत लिहितो आणि ही यादी इंग्रजीत जाते. ती भरताना दरवर्षी जाणवतं की माणूस संस्थेला ज्या गोष्टीसाठी हवा असतो, ती या रकान्यात मावतच नाही. आमच्या अर्ध्या यादीपुढे 'निवृत्त' किंवा 'गृहिणी' लिहिलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी आम्हाला एक चांगली देणगी मिळाली. सभेत आमचे डॉक्टर म्हणाले, चार ऑक्सिजन मशीन घेऊ. कोटेशन समोर होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे एक काकी तेव्हा नव्याने आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "रातीं वीज गेल्यार तें कशें चलतलें?"

जून महिना होता. आमच्या बाजूला पहिल्या वाऱ्यातच एखादा माड तारांवर पडतो आणि रात्र काळोखात जाते. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी आयुष्यभर पेशंट पाहिले ते हॉस्पिटलच्या वॉर्डात, जिथे वीज गेली की जनरेटर सुरू होतो. काकींनी सासूचं सहा वर्षं घरी सगळं केलं होतं. हवेच्या गादीची मोटर बंद पडली की गादी हळूहळू बसत जाते, म्हातारीच्या माकडहाडाशी कातडी लाल होते आणि कूस वळवायला कुणीतरी जागं राहावं लागतं, हे त्यांना हाताने ठाऊक होतं. त्या दिवशी ठराव बदलला. चारऐवजी दोन मशीन घेतली. उरलेल्या पैशांत दोन इन्व्हर्टर, भरून ठेवायला सिलिंडर आणि पाण्याच्या गाद्या घेतल्या, कारण त्यांना वीज लागत नाही. त्याच पावसाळ्यात ते सिलिंडर कामाला आले.

डॉक्टरही आम्हाला हवेतच. कुणाला गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) ताबडतोब न्यायचं आणि कुणाचं घरी भागेल हे तेच सांगतात आणि त्यांच्या शब्दावर घरची माणसं विश्वास ठेवतात. पण आजार जाणणारा एक आणि आजाऱ्याचं घर जाणणारा एक, असे दोघेही टेबलाशी बसलेले असले पाहिजेत.

आता वकील. इथे आमची मोठी चूक झाली, ती जरा सविस्तर सांगतो, कारण गोव्यात ती कुणाचीही होऊ शकते.

आमच्या लेटरहेडवर एक नामांकित वकील होते. तीन वर्षांत ते दोन सभांना आले. त्याच काळात गावातल्या एका आजोबांनी आपलं जुनं घर संस्थेला देऊ केलं. मुलं परदेशात, बायको वारलेली, घर त्यांच्या नावावर. त्यांनी आनंदाने स्टॅम्प पेपरवर लिहून सही करून दिली. आम्ही कौलं शाकारली, रंग दिला, दारात उतार केला, न्हाणीत धरायला दांडे बसवले. अडीच लाख गेले. सात-आठ महिन्यांनी मुलाची नोटीस आली.

मुलगा लबाड नव्हता, ते घर त्याचंही होतं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक असते, कागदावर नाव कुणाचंही असो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हे चालत आलंय. बायको गेली तेव्हा तिचा अर्धा हिस्सा मुलांकडे गेला होता. शिवाय मुलं असताना माणसाला आपल्या वाट्यातलाही अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो, उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो. हा नियम आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही आहे. आजोबांकडे त्या घराशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणजे त्यांना देता येण्याजोगा जेमतेम पाव हिस्सा होता. आम्ही घर रिकामं केलं. पैशांपेक्षा आजोबांचा उतरलेला चेहरा जास्त लागला. ते म्हणत राहिले, मी मनापासून दिलं होतं रे.

संस्थेच्या खोलीपासून तिसऱ्या घरात सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक कारकून राहतात. हा प्रकार ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बाईंच्या मागे इन्व्हेंटरी झाली होती का?" म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची कोर्टातली नोंद व वाटणी. हा प्रश्न आम्हाला आधी कुणी विचारला असता तर सगळंच टळलं असतं. आज ते कार्यकारिणीवर आहेत आणि कुठलाही कागद त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय मी सही करत नाही. यादीत त्यांच्यापुढे 'निवृत्त' लिहिलेलं असतं. वकील मिळाला तर जरूर घ्या, पण इथल्या जमिनीचे आणि वारसाचे कागद ज्याने रोज हाताळलेत असा घ्या, आणि जो सभेला येईल असा घ्या.

सीएबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. सीए कार्यकारिणीवर असला की हिशेबाची काळजी मिटली, असं लोकांना वाटतं. पण कार्यकारिणीवरचा सीए त्याच संस्थेचं ऑडिट करू शकत नाही, ऑडिटर बाहेरचाच लागतो. तुम्हाला आत हवा तो खजिनदार. आमचे खजिनदार हार्डवेअरचं दुकान चालवतात, शिक्षण अकरावी. रोज रात्री गल्ला मोजून वही बंद केल्याशिवाय न झोपण्याची त्यांना चाळीस वर्षांची सवय आहे. व्हाउचरवर सही नसेल तर अध्यक्षांनी मागितले तरी पैसे सुटत नाहीत. एकदा मीच रिक्षाचं ऐंशी रुपयांचं भाडं बिलाशिवाय मांडलं, ते त्यांनी परत पाठवलं. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, आमच्या संस्थेवर कुणी बोट ठेवत नाही ते त्यांच्यामुळे.

गोव्यात याला जास्तच महत्त्व आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्त असतात. आपल्याकडे तसं कार्यालय नाही. आयकर खातं आपल्या परीने बघतं, पण दर महिन्याचा खर्च कुणी वरून येऊन तपासत नाही. 'नाही' म्हणणारा माणूस आतच असावा लागतो. म्हणूनच अध्यक्ष आणि खजिनदार एकाच घरातले नकोत. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, दीर-भावजय कितीही सरळ असोत, जेवणाच्या ताटावर एकमेकांना दुखवणं कठीण असतं. नातेवाइकांना संस्थेच्या पैशातून लाभ झाला तर आयकरातली सवलत जाऊ शकते, ही भीती वेगळीच.

गोव्याबद्दल अजून एक. आपल्याला समिती म्हटलं की देवस्थान आठवतं. महाजनकी, म्हणजे देवळाचं सभासदत्व, वंशाने येते, समिती महाजनांतून निवडली जाते, अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार, सचिव ही पदं आपण लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे नवी संस्था काढतानाही नकळत प्रत्येक वाड्याचा एक, प्रत्येक वांगडाचा (कुळाचा) एक अशी माणसं बसवली जातात. आमची पहिली कार्यकारिणी अशीच झाली. देवकार्याला ती रीत शोभते, कारण तिथे मान आणि सेवा घराण्याची असते. पण त्या पहिल्या वर्षी आमच्या अकरा जणांत एकही बाई नव्हती, एकही ख्रिश्चन नव्हता आणि आजाऱ्याचं अंग पुसलेलं कुणीच नव्हतं.

याच भूमीवर दुसरी एक जुनी रीतही होती. लिस्बनमध्ये १४९८ साली मिझेरिकॉर्दिया नावाची धर्मादाय बिरादरी सुरू झाली आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ती गोव्यातही आली. कारभार १३ जणांच्या मंडळाकडे असे, आणि रीत अशी की बिरादरीत सरदार घराण्यांतले निम्मे आणि कारागीर निम्मे. प्रमुख, म्हणजे प्रोव्हेदोर, मात्र सरदारच. हिंदूंना तिथे जागा नव्हती, तेव्हा तिचे गोडवे मी गाणार नाही. पण दान वाटायचं तर सुतार आणि शिंपीही मंडळात बसले पाहिजेत, हे त्यांना पाचशे वर्षांपूर्वी कळलं होतं. पणजीच्या प्रोव्हेदोरियाचं, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचं, नाव ऐकलं की मला ते निम्मे-निम्मे आठवतं.

आमच्याकडे आता एक पदेर (पाववाले) आहेत. तीस वर्षं पहाटे सायकलवरून पाव घालताहेत. कुठल्या घरी पूर्वी आठ पाव लागायचे आणि आता दोनच लागतात, कुठे हॉर्न वाजवूनही दार उशिरा उघडतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. मुलं बोटीवर किंवा पोर्तुगालला गेली आणि मागे म्हातारा-म्हातारी उरली, अशी चार घरं आम्हाला त्यांनीच दाखवली. शिवाय एक बाई आहेत, चर्चच्या सेंट व्हिन्सेंट द पॉल गटातून वर्षानुवर्षं घरोघरी जाणाऱ्या. कुणाला मदत हवी आहे पण मागायची लाज वाटते, हे त्या उंबरठ्यावरच ओळखतात.

मोठ्या नावाबद्दल थोडक्यात सांगतो. कंपन्या सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेले, पैसे देण्याआधी कार्यकारिणीची माहिती मागतात, हे खरं. पण आमच्या अनुभवात त्यांनी ताळेबंद, ऑडिटचे अहवाल आणि काम प्रत्यक्ष पाहिलं, आणि त्यावरच निर्णय घेतला. मोठ्या माणसाला सल्लागार करा, कार्यक्रमाला बोलवा. मतदानाची खुर्ची सभेला येणाऱ्यालाच द्या. तीन सभा न सांगता चुकल्या तर पद रिकामं, असा नियम नियमावलीत पहिल्या दिवसापासून घाला. मागाहून तो घालणं फार अवघड जातं, आम्हाला दोन आमसभा लागल्या.

तुमच्या मित्रांत सरकारी नोकर असतीलच. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. मानद समाजकार्याला परवानगी लागत नाही, पण निवडणुकीने मिळणारं पद घ्यायला आणि निधी गोळा करायला आधी मंजुरी लागते. अर्ज द्या, प्रत फाइलला लावा, आणि देणगीची पावतीपुस्तकं त्यांच्या हातात देऊ नका. पुढेमागे परदेशातून पैसे घ्यायचे असतील तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएसाठी, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी, सगळ्या पदाधिकाऱ्यांचं आधार लागतं (सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार त्याऐवजी भारतीय पासपोर्टही चालतो), आणि कुणी परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड. आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले खूप आहेत, तेव्हा पद देण्याआधी संकोच न करता विचारून घ्या.

शेवटचं. नोंदणीला सात नावं पुरतात. नियमावलीत अकरा जागा ठेवा, सात भरा, गणसंख्या त्या हिशेबाने लिहा आणि चार जागा वर्षभर रिकाम्या राहू द्या. काम सुरू झालं की माणसं आपोआप समोर येतात. आमच्या काकी अशाच आल्या. सासू गेल्यावर बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या रिक्षात खाट घालून संस्थेत परत द्यायला आल्या. खाट धुऊन उन्हात वाळवलेली होती, एक चाक आम्ही दिलं तेव्हाच अडकत होतं ते त्यांनी स्वखर्चाने बदलून घेतलं होतं. खाटेला बांधलेल्या पिशवीत एक वही होती. सासूला कुठल्या कुशीवर किती वेळ ठेवलं, किती पाणी दिलं, रात्री किती वेळा उठवलं, सगळं तारीखवार. म्हणाल्या, पुढच्या घरी उपयोगी पडेल. मी त्याच दिवशी अध्यक्षांना फोन केला.