हिरव्या क्रोमिसचा थवा टिकत का नाही?

चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सात हिरवे क्रोमिस (थव्याने राहणारे छोटे समुद्री मासे) सोडले, काही महिन्यांत एकेक करत चारच उरले, पाण्यात अमोनिया-नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्य, आणि आता आणखी तीन आणून थवा पुन्हा भरावा का, असं विचारलंय तुम्ही. नका आणू. नवे तीन आले की तेच मार खातील.

दुकानातल्या टँकमध्ये हेच मासे गुण्यागोविंदाने राहताना दिसतात, कारण तिथे पन्नासेक पिल्लं कोंबलेली असतात, खडक नसतो, आणि एक कोपरा धरून बसायची सोय कुणालाच नसते. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांवरही ते शेकड्यांनी दिसतात. अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर तरंगत प्रवाहातले प्लवंग टिपायचे, आणि शिकारी दिसला की सगळ्यांनी एकदम फांद्यांत घुसायचं, हा त्यांचा दिनक्रम. म्हणजे एकत्र राहण्यात भीतीचा वाटा मोठा. तुमच्या टँकमध्ये भीती नाही आणि अन्न वरून पडतं. मग उरतो तो डॅमसेल, म्हणजे हद्दीसाठी भांडणारा छोटा समुद्री मासा, कारण क्रोमिस शेवटी त्याच घराण्यातला. मोठा धाकट्याच्या मागे हात धुऊन लागतो. धाकटा गेला की त्याच्या वरच्याचा नंबर.

पण आधी खात्री करा की हे भांडणच आहे. क्रोमिसना युरोनेमा नावाचा परजीवी फार लवकर धरतो, आणि लोक ज्यांना 'मारामारीत गेले' म्हणतात ते मासे पुष्कळदा खरं तर त्याने गेलेले असतात. युरोनेमात अंगाच्या बाजूला लालसर चट्टा उठतो, खवले सुटतात, श्वास जोरजोरात चालतो आणि मासा एक-दोन दिवसांत संपतो. भांडणात शेपटीच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, रंग फिका पडतो, आणि मार खाणारा मासा पाण्याच्या पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात किंवा ओव्हरफ्लोच्या (पाणी फिल्टरकडे उतरतं त्या कप्प्याच्या) आडोशाला दिवसचे दिवस काढतो, तुम्ही खायला टाकलं तरी बाहेर येत नाही. चट्टा दिसला तर तो मासा लगेच वेगळ्या टँकमध्ये. मुख्य टँकमध्ये कॉपर (परजीवींवरचं तांब्याचं औषध) ओतू नका, कोळंबी, गोगलगाई, कोरल सगळ्यांचा खेळ खलास होईल.

भांडणच असेल तर लोक मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. दया म्हणून ठीक आहे, उपयोग शून्य. मारणारा दादा काढा. तो ओळखायला टँकपासून जरा लांब बसा, जवळ गेलात की सगळे खाण्याच्या आशेने काचेशी येतात आणि काही कळत नाही. जो मधोमध ऐटीत असतो आणि ज्याला बघून बाकीचे वाट सोडतात, तो. अंगावर पिवळसर झाक आली असेल आणि खडकावरची एकच जागा राखत असेल, तर नर घरटं धरून बसलाय असं समजा. त्या दिवसांत तो कुणाचंच ऐकत नाही.

त्याला छिद्रांच्या अ‍ॅक्लिमेशन बॉक्समध्ये (मासा वेगळा ठेवायला टँकमध्येच अडकवायची पारदर्शक पेटी) दोन आठवडे ठेवा. तेवढ्यात खडकांची मांडणी बदला, म्हणजे बाहेर आल्यावर त्याची जुनी हद्द जागेवर नसेल. कधी कधी एवढ्याने भागतं. नाही भागलं तर दुकानदार परत घेतो का विचारा.

खाण्याकडेही बघा. दिवसातून एकदा मूठभर टाकलं की मोठा पोट भरून घेतो आणि धाकटे उपाशी राहतात. मायसिस, सायक्लॉप्स (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य) थोडं थोडं तीन-चार वेळा, वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, प्रवाहात सोडा, म्हणजे ते टँकभर पसरेल. ऑफिसच्या वेळेत ऑटोफीडरवर बारीक पेलेट चालतील.

थव्याची हौस असेल तर चार फुटांत मी पजामा कार्डिनल सुचवेन, चार-पाच. रात्रीचे प्राणी, दिवसा एकत्र नुसते तरंगतात, भांडखोर नाहीत. फक्त क्रोमिससारखी धावपळ त्यांच्याकडून मागू नका. बँगाई कार्डिनल दिसायला देखणा, पण जोडी जमली की ती बाकीच्यांना जगू देत नाही. नर-मादी पटलेली जोडीच मिळाली तरच घ्या. लायरटेल अँथियास सुंदर असतात, पण एक नर आणि बऱ्याच माद्या लागतात, नर गेला की सगळ्यांत मोठी मादी नर होते, आणि दोन नर झाले की पुन्हा तीच मारामारी. शिवाय दिवसभर खायला हवं. सहा फुटी टँक होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. व्हिडिओत दिसतात ते हिरवे थवे बहुतेक नव्याने सोडलेले असतात, सहा महिन्यांनी तोच टँक कोणी दाखवत नाही.

उरलेल्या चारांपैकी दादा गेल्यावर तीन नीट खात असतील, शेपट्या भरून येत असतील, तर तीनच राहू द्या.