तल्लीन कोणाला म्हणायचं?

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

वडसा गावाकडच्या झाडीपट्टी नाटकावरचा तुझा लेख सावकाश वाचला. त्यात प्रेक्षक तल्लीन, ऑर्गनवाला तल्लीन, चहावाला तल्लीन, मागच्या रांगेत मोबाइल बघणारी पोरंही तल्लीन! इतक्या चांगल्या शब्दाची अशी उधळपट्टी बघवत नाही मला.

आधी त्याची घडण बघ. तत् अधिक लीन. पुढे ल आला की त् चा ल् होतो, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो तसाच. लीन म्हणजे विरघळून एकरूप झालेला, आणि तत् म्हणजे ते. म्हणजे 'कशात' हा प्रश्न शब्दाच्या पोटातच आहे. नुसतं 'ती तल्लीन होती' लिहिलंस की वाक्य अर्धवट वाटतं. भजनात, गाण्यात, वाचनात, काय ते सांग. आणि ली दीर्घच हवी.

मोबाइलवाली पोरं गुंग होती. जादूचे खेळ बघताना माणूस दंग होतो, त्यात नवल असतं. कर्जाच्या काळजीत बांधावर बसलेला शेतकरी चिंतामग्न. मग्न म्हणजे बुडालेला, आणि माणूस दुःखातही बुडतो. त्याला चुकूनही तल्लीन म्हणू नकोस. तल्लीन होण्यात आनंद असतो, आपखुशी असते. गुरुकुंज मोझरीला खंजिरी भजन रंगलं की समोरच्या माणसाचं जे होतं, तिथे हा शब्द बिनदिक्कत वापर.

तुझ्या लेखातली आजी मला फार आवडली. मुरमुऱ्याची मूठ तोंडाशी नेलेली, तशीच थांबलेली. नातू शाल ओढतोय, तरी मान वळत नाही. किती नेमकं टिपलंस! आणि लगेच पुढे 'आजी तल्लीन झाली होती' कशाला? आजी आम्हाला दिसली की. ते वाक्य काढ. असं बघता येणं ही तुझी खरी कमाई आहे, तिच्यावर विश्वास ठेव.

चहावाल्याचं वाक्यही काढ. तो सुटे पैसे मोजत होता, असं तूच लिहिलंयस. ऑर्गनवाल्यासाठी मात्र शब्द राहू दे, फक्त कोणत्या पदावर त्याचे डोळे मिटले ते लिही.

नाटकांचा हंगाम होळीपर्यंत ओसरेल. त्याआधी सुधारून पाठव, म्हणजे संपादकांशी मी बोलतो.

तुझा,
गुरुजी