पहाटे तीनची रांग

प्रश्न : मी ४८ वर्षांची, शाळेत शिक्षिका. पहाटे तीनला जाग येते आणि सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची फी, राहिलेले फोन यांची डोक्यात रांग लागते. मग झोप नाहीच.

उत्तर : ही रांग अर्धवट कामांची आहे. पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धं राहिलेलं जास्त लक्षात राहतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ सालीच मांडलं होतं. रात्री ओटा आवरून झाला की पाच मिनिटं वही घ्या. नुसतं 'गोळ्या' लिहू नका. 'गोळ्या : गुरुवारी शाळेतून येताना' असं लिहा. वार ठरला की मनावरचा पहारा सैल होतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. ती मंडळी तरुण होती, तरी वहीचा उपाय करून बघण्यासारखा आहे.

आता जे बायका मला अगदी शेवटी, उठता उठता सांगतात ते विचारते. पाळी मागेपुढे होतेय? घाम फुटून जाग येते? पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत झोप अशी मोडू शकते. 'टेन्शन आहे' म्हणून अंगावर काढू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइडही तपासून घ्या. आणि त्या यादीत प्रत्येक कामापुढे तुमचंच नाव असेल, तर निम्मी नावं बदला. घरात आणखीही हात आहेत.

प्रश्न : वय ५४. गावच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तीन वर्षं अबोला आहे. गाडी चालवतानाही मनात त्याच्याशी भांडत असतो.

उत्तर : इथे यादीचा उपयोग नाही. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, त्याला पत्र लिहा. पाठवायचं नाहीच, तेव्हा हात आखडू नका. पहिल्या दिवशी उलट जास्त जड वाटेल, घाबरू नका. मग स्वतःला विचारा : मला घर हवंय, भाऊ हवाय, की त्यानं 'माझं चुकलं' म्हणायला हवंय? घर हवं असेल तर वकील गाठा. भाऊ हवा असेल तर यंदा गणपतीला फोन तुम्ही करा. तिसरं तुमच्या हातात नाही, आणि माझ्या अनुभवात माणसं सगळ्यात जास्त वर्षं त्याचीच वाट बघत बसतात.

प्रश्न : ध्यानाला बसले की विचार दुप्पट येतात.

उत्तर : मग सध्या बसू नका. चाला, मेथी निवडा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, मिनिटाला साधारण सहा श्वास. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

प्रश्न : महिना झाला, कशातच मन लागत नाही. जगून काय करायचं, असंही वाटतं.

उत्तर : हे लिहिलंत, फार बरं केलंत. ही नुसती मनातली विचारांची अडगळ नव्हे, आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आजच घरातल्या एका माणसाला हेच वाक्य सांगा, आज रात्री एकटे राहू नका, आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.